हात लिहायचा राहिला

मास्ट्रिख्ट,
१८ जानेवारी २०२१

प्रिय दत्तामामा,

दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. मी मुद्दाम कागदावर लिहिते आहे. कॉलेज लॅपटॉपवर, अभ्यास लॅपटॉपवर, मैत्रिणी लॅपटॉपवर. संध्याकाळी डोळे इतके जळतात की मेसेज उघडायला पण नको वाटतो. आणि दिवाळीत तू म्हणालास, तुला माझे इंग्लिश मेसेज वाचायचा कंटाळा येतो. म्हणून हे.

आई म्हणते माझा मराठी उइटहॉर्नच्या रविवारच्या वर्गात अडकला आहे. चुका होतील. हसू नकोस.

आम्हाला एक पुस्तक दिला आहे, फास्ट फूडच्या धंद्याबद्दल. चारशे पानं. वाचताना मनात पहिल्यांदा जे येतं ते एका वहीत लिहायचं आणि शेवटी त्याच्यावर निबंध. माझा पहिला विचार होता: चारशे पानं. दुसरा विचार: तो पुस्तक खूप चिडलेला आहे. तिसरा: मी तीन दिवस बटाट्याचे फ्रीट खाल्ले नाहीत, चौथ्या दिवशी खाल्ले आणि चांगले लागले. हे वहीत लिहायला लाज वाटली, पण लिहिलं.

आमच्या बाई म्हणाल्या, असं अन्न हाताने बनवणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्याशी बोला. वर्गात कुणाच्याच ओळखीचं कुणी नव्हतं. माझ्या ओळखीचा तू आहेस.

सांगशील? काहीही सांग. तुझा दिवस कसा असतो तेवढं पण चालेल.

तुझी,
जुई

*

बाडहूव्हडॉर्प,
२४ जानेवारी २०२१

चि. जुईस अनेक आशीर्वाद,

आशीर्वाद लिहिताना माझं मलाच हसू आलं. तुझी आई माझी लांबची बहीण, म्हणून मी मामा. तसं तुझ्यामाझ्यात आठच वर्षांचं अंतर आहे.

मी शेवटचं पत्र दहावीच्या परीक्षेत लिहिलं होतं. शाळेतला पंखा बंद असल्याबद्दल मुख्याध्यापकांना. मराठीत निघालो, गणित-इंग्रजीत गेलो आणि परत बसलो नाही. पण अक्षर बघ, आहे की नाही? हिंजवडीला माझी दाबेलीची गाडी होती, तिची पाटी मी स्वतः रंगवली होती. लोक विचारायचे, पेंटर कोण?

आणि पुस्तक 'तो' नसतो गं, 'ते' असतं. आता दहावी नापास माणसाने तुला हे सांगायचं.

माझा दिवस म्हणशील तर सकाळी सहाला सुरू होतो आणि अडीचला संपतो. आधी मी विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायचो. विमानंच बंद पडली, तेव्हा एजन्सीने उचलून इथे टाकला. इथे क्रोकेट तळतात. तू तर खाऊनच वाढलीस. माझ्या आईला मी फोनवर सांगतो की डच लोकांचा बटाटवडा आहे. आत बीफचा लगदा असतो हे तिला सांगितलेलं नाही, तू पण कधी बोलू नकोस.

फ्रायर म्हणजे कढई, पण हौदाएवढी लांब. एका टोकाने कच्चे क्रोकेट पट्ट्यावरून आत जातात, दुसऱ्या टोकाने तांबूस होऊन बाहेर. मधे काही फुटतात. फुटलेल्यांचा एकमेकांना चिकटून गोळा होतो आणि तोंडाशी अडकतो. तो लांब दांड्याच्या झाऱ्याने काढायचा, हे माझं काम. खरं तर पट्टा थांबवून काढायचा असतो. पण पट्टा थांबवला की लाल दिवा लागतो आणि कुणी थांबवला ते लिहून ठेवतात. म्हणून कुणी थांबवत नाही.

तुझ्या पुस्तकवाल्याने कारखाना बघितलाय का? बघितला असेल तर कसला कोट घालून गेला होता ते वाच. आमच्याकडे पाहुण्यांना निळा कोट देतात. निळा कोट दारात दिसला की राजन, म्हणजे आमच्या शिफ्टचा सुपरवायझर, पट्ट्याचा वेग कमी करतो. तेवढी पंधरा मिनिटं आम्हाला पाठ सरळ करायला मिळते. त्यामुळे पुस्तकात पट्टा नेहमी हळू चालत असणार.

घरी आलो की मी मांजराच्या पावलांनी फिरतो. विशाखा जेवणाच्या टेबलावर मीटिंगमध्ये असते, कॅमेरा चालू. तिच्या कंपनीत माणसं कमी करतायत. आमचं इथलं राहणं तिच्या परमिटवर आहे, मी त्या परमिटला लटकून आलेलो नवरा. त्यामुळे आवाज करायचा नाही. ती म्हणते हे काम सोड, घरी बस, डच शीक. मला बसवत नाही. मी दोन तास खुर्चीत बसलो तर माझ्या पायांना मुंग्या येतात.

तिची नि माझी ओळख त्या गाडीवरच झाली. सहा वाजता ऑफिसातून उतरायची आणि म्हणायची, "पाव जरा जास्त भाजा." लोण्यावर पाव भाजायला लागलो की अख्खी रांग गप्प व्हायची, वासाने. आता मी दिवसाला हजारो नग तळतो आणि एकाही खाणाऱ्याचं तोंड बघत नाही. हे लिही तुझ्या वहीत.

कालपासून रात्रीची संचारबंदी लागली. आम्हाला काय, आम्ही आठलाच झोपतो.

तुझा,
दत्तामामा

*

मास्ट्रिख्ट,
३१ जानेवारी २०२१

प्रिय दत्तामामा,

निळ्या कोटाचं मी वर्गात वाचून दाखवलं. तेवीस चौकोनांतले तेवीस चेहरे पडद्याजवळ आले. मग मी पुस्तक पुन्हा उघडलं (ते पुस्तक!). लेखक दोन दिवस कारखान्यात होता आणि त्याने लिहिलं आहे की त्याला एक पांढरा कोट दिला, 'पाहुणा' लिहिलेला. माझ्या वहीत आता प्रत्येक पानाच्या कडेला एक प्रश्न आहे: इथे पट्टा किती वेगाने चालत होता?

अजून एक गोष्ट दिसली. मालकांना नावं आहेत. ज्याने बटाटा कापायचं मशीन शोधलं त्याला नाव आहे, त्याच्या कुत्र्याला पण आहे. काम करणाऱ्यांना नाही. 'एक कामगार म्हणाला.' 'दुसरी कामगार म्हणाली.' मी तुझं नाव लिहू का?

इथे दिवस सगळे सारखे आहेत. खिडकीतून एक भिंत दिसते. कधी कधी मला वाटतं मी शिकत नाही आहे, फक्त बघते आहे.

तुझा लोण्यावरचा पाव डोक्यातून जात नाही. त्या एवढ्या मोठ्या कारखान्यात तू कधी स्वतःसाठी काही भाजलंस का? नसशील तर एकदा भाज, आणि मला लिही. निबंधाचा शेवट होईल.

तुझी,
जुई

*

बाडहूव्हडॉर्प,
१० फेब्रुवारी

जुई,

बर्फ फार. गाड्या बंद. सोमवारी अकरातले पाच जण आलो.

तू विचारलं होतंस ना. सोमवारी भाजलं. फ्रायरवर.

राजन म्हणाला कुणाला सांगू नको. विशाखाला पण मी पूर्ण सांगितलेलं नाही. आईला बोलू नकोस. तुला म्हणून लिहितोय.

तुझ्या पुस्तकात असतं का असं काही?

नाव लिहू नकोस. जास्त लिहिता येत नाही.

दत्ता

*

मास्ट्रिख्ट,
१८ फेब्रुवारी २०२१

प्रिय दत्तामामा,

तू खरंच भाजलंस! मी पत्र वाचून खोलीत एकटी हसत होते. बाहेर बर्फ, अर्धे लोक आलेले नाहीत, आणि तू त्या हौदासारख्या कढईवर पाव भाजतो आहेस. आणि राजन पण सामील! कुणाला सांगू नको म्हणाला म्हणजे त्याने पण खाल्ला असणार. विशाखामामीला का नाही सांगितलंस? तिला पाव जरा जास्त भाजलेला आवडतो ना.

मी कुणाचं नाव घेतलं नाही, पण निबंधाचा शेवट तोच केला. एक कामगार आहे, तो रोज हजारो नग तळतो. एका दिवशी बर्फ पडतो आणि तो फक्त स्वतःसाठी काहीतरी भाजतो. बाईंनी समासात लिहिलं, 'फार सुंदर शेवट.' मला दहापैकी आठ मिळाले. इथे आठ म्हणजे खूप असतात.

तू विचारलंस पुस्तकात असं काही असतं का. नाही. त्या पुस्तकात कुणीच मजा करत नाही.

तुझं अक्षर मात्र काय झालं आहे? तिसरीतल्या मुलासारखं. इतकी घाई कशाची? पाव करपत होता?

इथे तळं गोठलं तेव्हा सगळं गाव स्केटिंगला आलं. सगळ्यांनी दीड मीटर लांब राहायचं आणि पडलं तर कुणी उचलायचं नाही. मी दोनदा पडले.

काय काय घातलं होतंस पावात, सांग.

तुझी,
जुई

*

बाडहूव्हडॉर्प,
२८ फेब्रुवारी २०२१

चि. जुईस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काही कळेना की ही पोरगी कसल्या पावाबद्दल बोलतेय. दुसऱ्यांदा कळलं. मग हसलो. बरेच दिवसांनी हसलो असेन, कारण विशाखाने मीटिंगमधून मान वळवली. मी म्हटलं, जुईचं पत्र.

आठ मिळाले, छान झालं. मला आयुष्यात कशातच आठ मिळाले नाहीत.

तर हो, पाव. पाव घरून नेले होते, खिशात. आत बटाटा, माझा मसाला, शेंगदाणे, डाळिंबाचे दाणे. डाळिंब इथे महाग आणि पांचट, पण घातलं. झाऱ्यावर ठेवून वरच्या वर भाजले. पाव भाजताना त्याच्याकडे बघत राहायचं असतं. नजर हलली की गेला. गाडीवर मी गिऱ्हाइकांशी बोलायचो पण नजर तव्यावर. ती सवय मोडली माझी. इथे बघायचं असतं पट्ट्याकडे.

अक्षराचं म्हणशील तर थंडीने बोटं आखडली होती. अजून आखडतात. हळू लिहितोय, तीन दिवस हेच पत्र चाललंय.

मी सध्या घरीच आहे, टाउस. हा एक डच शब्द मला पक्का येतो. वर्षभर रस्त्यावरच्या प्रत्येक पाटीवर वाचतोय ना, 'ब्लाइफ टाउस', घरी राहा. घरी राहून माणसाचं काय होतं ते पाटी लावणाऱ्यांना माहीत नसावं. विशाखा टेबलावर आणि मी सोफ्यावर. मधे चार पावलं. ती दिवसभर बोलते, पण माझ्याशी नाही. संध्याकाळी तिच्यात बोलायचं बळ उरत नाही. मी भांडी घासायला घेतली की म्हणते राहू दे. मी खिडकीपर्यंत जातो आणि परत येतो. काल मोजलं, नव्वद वेळा.

एक काम आहे. एजन्सीचं डचमध्ये पत्र आलंय, झेरॉक्स जोडली आहे. फोनवर भाषांतर करून बघितलं तर डोकं आणखी फिरलं. विशाखाला द्यायचं नाहीये, तिच्यामागे आधीच बरंच आहे. तू फक्त शेवटची ओळ वाच आणि कुठल्या तारखेपर्यंत सही करून पाठवायचं ते मला कळव. बाकीचं वाचत बसू नकोस, नेहमीचंच असतं.

तुझा,
दत्तामामा

*

उइटहॉर्न,
४ मार्च २०२१

मामा,

मी बाकीचं पण वाचलं.

पाच वेळा फोन केला, तू उचलत नाहीस. म्हणून लिहिते.

पत्रात लिहिलं आहे: ८ फेब्रुवारीला घरी स्वयंपाक करताना गरम तेलाने उजवा हात भाजल्यामुळे तुम्ही काम करू शकत नाही, म्हणून तुमचं काम संपलं. आणि हा अपघात खासगी होता, कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही, हे मान्य आहे अशी सही २२ मार्चपर्यंत करून पाठवा.

'भाजल्यामुळे' हा शब्द मी आत्ता लिहिला, तो आईने सांगितला. मला डचमध्ये कळलं होतं. मराठीत मला तो शब्द फक्त पावासाठी माहीत होता. पाव, शेंगदाणे, वांगं. हात आणि भाजणं मी कधी एका वाक्यात ऐकलं नव्हतं. आम्ही घरी असं काही झालं की डचमध्ये ओरडतो.

मी ट्रेनने घरी आले आणि आईला तुझं दहा तारखेचं पत्र दाखवलं. तू बोलू नकोस म्हणाला होतास, तरी दाखवलं. तिने दोन ओळी वाचल्या. मग चष्मा काढला आणि म्हणाली, "अगं जुई, भाजलाय तो."

मी त्याच्यावर आठ मिळवले.

ते अक्षर डाव्या हाताचं होतं ना?

मामा, ते घरी झालं नाही. तू लिहिलं आहेस, 'फ्रायरवर'. पाकिटावर पोस्टाचा शिक्का आहे, अकरा फेब्रुवारीचा. इथे फुकट कायदेशीर सल्ला देतात, मी त्यांना फोन केला, तुझं नाव न सांगता. ते म्हणाले, कामावर झालं असेल तर मशीन तपासायला माणसं पाठवावी लागतात. आणि ती सही केली तर मग पुढे काही म्हणणं फार अवघड. ते पत्र मी भाषांतर करून त्यांना देऊ का? तू हो म्हण फक्त.

जुई

*

बाडहूव्हडॉर्प,
११ मार्च २०२१

जुई,

नाही.

फोन मुद्दाम उचलला नाही. तुझ्या आईचाही नाही. बोलताना माझा आवाज फुटला असता आणि चार पावलांवर विशाखा बसलेली आहे.

तुला सगळं हवंय ना, घे. त्या दिवशी दोन जागा मी एकटा बघत होतो. नऊच्या सुमाराला गोळा अडकला. झाऱ्याने ओढला, निघेना. थांबवायचं बटण माझ्या कोपराजवळ होतं. त्या महिन्यात माझ्या नावावर दोन लाल दिवे लागलेले होते, म्हणून दाबलं नाही. झारा निसटला आणि हात मनगटापर्यंत गेला. रबरी हातमोजा होता. मोज्याने वाचायला पाहिजे ना? मोज्यात तेल भरलं. काढताना मोज्याबरोबर बरंच काही निघालं. आता करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वळत नाहीत. डॉक्टरीण म्हणते व्यायाम करा, बघू.

राजन वाईट माणूस नाही. त्यानेच वीस मिनिटं नळाखाली हात धरून ठेवला. मग म्हणाला, "घर पे जला बोल दे. नहीं तो लाइन बंद होगी, तेरा भी जाएगा, मेरा भी." त्याने भरलेला अपघाताचा फॉर्म डचमध्ये होता. मला काही कळत नाही असं त्याला वाटलं. पण त्यात 'टाउस' लिहिलेलं मला दिसलं. वर्षभर पाट्यांवर तोच शब्द बघितलेला माणूस मी. कळून सही केली. तीही डाव्या हाताने, ती माझी सही वाटतच नाही.

विशाखाला सांगितलं, तेल उडालं, थोडंसं आहे, माझीच चूक. बँडेज मीच बदलतो, बाथरूममध्ये. ती विचारते, बरं आहे का? मी म्हणतो, बरं आहे. आता मी जाऊन म्हणायचं की खोट्या कागदावर सही केली होती? चौकशी लागली आणि तिच्या परमिटवर काही आलं तर? तिच्या ऑफिसात या महिन्याअखेर नावं सांगणार आहेत. दोघांची बॅग एकाच खुंटीला टांगलेली आहे गं.

तू एक पुस्तक वाचलंस, चांगली गोष्ट आहे. त्यात कामगारांना नावं नाहीत म्हणून तुला वाईट वाटलं. मला बिननावाचाच राहू दे. तिथे कुणी मला विचारत नाही, आणि मी दमलोय.

तुझ्यावर राग नाही. तुला पाव दिसला, ते बरंच होतं. पाव असता तर बरं झालं असतं.

दत्ता

*

मास्ट्रिख्ट,
१५ मार्च २०२१

प्रिय दत्तामामा,

तुझं दहा तारखेचं पत्र परत पाठवते आहे, पाकिटासकट. ते तुझं आहे. तू हो म्हटल्याशिवाय मी कुणाला काही देणार नाही. आईला पण बजावलं आहे. ती रडते आणि मग तुझ्यासाठी काहीतरी शिजवते आणि डब्यात भरून ठेवते, न्यायला कुणी नाही.

मी निबंध परत घेतला. बाईंना सांगितलं, शेवटच्या पानावर भाषांतराची चूक आहे. त्या म्हणाल्या, एका शब्दाने काय फरक पडतो? मी म्हटलं, पूर्ण हाताचा. त्यांना कळलं नाही, पण त्यांनी वेळ वाढवून दिला. ते पान आता कोरं आहे. कोरंच देईन, तुझ्यावर ओझं नको.

पुस्तक मी संपवलं. शेवटी एक यादी आहे, वाचकाने काय काय खाऊ नये. हात कुठेच नाही.

जुई

*

बाडहूव्हडॉर्प,
१९ मार्च २०२१

चि. जुईस अनेक आशीर्वाद,

हे अक्षर बघ. वाकडं आहे, पण उजवं आहे. अंगठा आणि दोन बोटांत पेन धरतो, उरलेली दोन नुसती कडेला उभी असतात, निळ्या कोटातल्या पाहुण्यांसारखी.

मंगळवारी मला एक फोन आला. कुशल म्हणून आहे, नागपूरकडचा. बायको आयटीत, हा माझ्यासारखाच तिच्यामागून आलेला. नंबर राजननेच दिला. माझ्या जागेवर आता त्याला उभा केलाय. दोन दिवस झाले होते. मला म्हणतो, "दादा, तुम्ही पट्टा न थांबवता गोळा काढायचे म्हणे. झारा कसा धरायचा, जरा सांगता का?"

मी सोफ्यावर होतो. विशाखा समोर मीटिंगमध्ये. मी नेहमीसारखं हळू आवाजात सांगायला लागलो, दांडा काखेत दाबायचा, कोपर बाहेर. सांगता सांगता माझा उजवा हात हवेत उठला, त्याला दाखवायला. फोनवर कोण बघणार होतं? पण मला दिसला. ती दोन बोटं सरळच्या सरळ.

मग मी ओरडलो. म्हटलं, पट्टा थांबव. दर वेळी थांबव. लाल दिवा लागू दे, तुझं नाव लिहू देत, दहा वेळा लिहू देत. तो म्हणाला, का हो दादा? मी म्हटलं, माझा हात भाजलाय तिथे.

इतक्या दिवसांत हे वाक्य मी पहिल्यांदा तोंडाने बोललो. मराठीत, मोठ्याने, विशाखाच्या कॅमेऱ्यासमोर.

तिने लॅपटॉप मिटला. मीटिंग चालू होती, सात-आठ जण होते त्यात, सरळ मिटला. वर्षभरात मी तसं बघितलं नव्हतं. तुझं पाकीट सकाळीच आलं होतं. माझ्याकडून बोलणं होईना, म्हणून दहा तारखेचं पत्र तिच्या हातात दिलं. तिला अर्थातच पाव वगैरे काही दिसला नाही. तिने एकदाच वाचलं. मग माझा हात ओढून घेतला आणि बँडेज सोडायला लागली. मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, "दत्ता, मी सव्वा महिना तुझ्या समोरच बसले होते."

मी परमिटचं काढलं तेव्हा चिडली. म्हणाली, "माझं परमिट माझ्या कामावर आहे, तुझ्या हातावर नाही. आणि असतं तरी?" त्या 'असतं तरी'चं पुढचं वाक्य तिने पूर्ण केलं नाही. चहा करायला उठली. दूध उतू गेलं, तेही तसंच राहिलं.

तिच्या ऑफिसातली नावं अजून यायची आहेत. यायची तर येतील. सुटलो, मोकळा झालो असं काही वाटत नाही, खोटं कशाला लिहू. दमलोच आहे. फक्त हात लपवायचं काम कमी झालं. तेही काम होतं, आठ तासांहून जास्त.

एजन्सीच्या कागदावर सही केलेली नाही. दहा तारखेचं पत्र पाकिटासकट परत पाठवतोय, तुझ्या त्या सल्लावाल्यांना दे. राजनला फोन करून आधी सांगितलं, पाठीमागून नको. तो म्हणाला, "मुझे पता था तू बोलेगा, अक्षर अच्छा है तेरा." मग फोन ठेवला. यात अक्षराचा काय संबंध, मला समजलं नाही. बहुतेक त्यालाही नसेल.

तुझ्या आईला सांग, डबे आम्ही रविवारी येऊन घेऊन जातो. विशाखा सायकल चालवेल, मी मागे बसेन. कुणी हसायचं नाही.

त्या पत्रात चूक तुझी नव्हती. माझ्याकडूनच एक शब्द लिहायचा राहिला. डाव्या हाताने अक्षर काढताना जीव जायचा, म्हणून जे लिहायलाच पाहिजे तेवढंच लिहिलं, आणि नेमका 'हात' राहिला. आता खाली पूर्ण लिहून देतो. तू डचमध्ये कर. नाव घाल. एकही शब्द सुंदर करू नकोस.

'मी दत्तात्रय शेवाळे. ८ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी नऊच्या सुमारास, पट्टा चालू असताना, फ्रायरच्या तेलात माझा उजवा हात भाजला. मी टाउस नव्हतो. मी कामावर होतो.'